बारापैकी बारा चूक

"बाई, तुम्ही कधी एखाद्या मुलाला मुद्दाम नापास केलंय का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि तोफेला स्वतःच्याच धिटाईची मजा वाटली. तोफ हे तिचं शाळेतलं टोपणनाव, वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून पडलेलं. त्याआधी तिला टोपणनाव देण्याइतकं आठवीच्या वर्गात कुणी ओळखतही नव्हतं. आता ओळखत होते, म्हणूनच तर मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती: चाचणीवाल्या बाईंना हे तोंडावर विचारून दाखव. पैज काढली होती चष्मिसनं. तिच्या धाकट्या बहिणीला याच बाईंनी मागच्या वर्षी पहिलीच्या प्रवेशाच्या चाचणीनंतर 'अजून वर्षभर थांबा' असं लिहून दिलं होतं, आणि तेव्हापासून चष्मिसच्या घरी बाईंचा विषय निघाला की सगळ्यांची तोंडं कडू व्हायची.

बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्यांनी हातातल्या पेन्सिलीला सावकाश टोक केलं, ते बोटाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तर देईन. पण जाताना. आधी काम."

झालं! तोफेच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ज्याच्या पोटात काही नसतं तो लगेच 'छे, छे' म्हणतो. जाताना कशाला?

खोली शाळेच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला होती. टेबल गुडघ्याएवढं, खुर्च्या त्याहून बुटक्या, आणि बाई चांगल्या उंच असूनही तसल्याच एका खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारख्या बसलेल्या. दाराजवळ एक स्टूल. घरच्या एका माणसानं तिथं बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असा नियम. आई बाहेर व्हरांड्यात सहा पानांचा फॉर्म भरत होती, त्यामुळे स्टूल तोफेच्या वाट्याला आलं होतं.

आणि मधोमध उभी होती भिंगरी. पावणेसहा वर्षांची, तोफेची एकुलती एक बहीण. घरात ती कधी चालत नसे, एक तर पळे नाहीतर गरगर फिरे. आज मात्र पोस्टाच्या पेटीसारखी गप्प उभी होती.

'ही आज धड वागली पाहिजे,' तोफ मनात म्हणाली. कारण चाचणी भिंगरीची असली तरी जीव तोफेचा टांगणीला लागला होता. पुढच्या वर्षासाठी तिला दुसऱ्या शहरातल्या निवासी शाळेत जागा मिळाली होती. परीक्षा देऊन मिळवलेली जागा! तिथं नाटकाचा हॉल होता, ग्रंथालय दोन मजली होतं, आणि मुख्य म्हणजे तिथं तिला जुनी मुखदुर्बळ मुलगी म्हणून कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. बाबा बस चालवायचा, पहाटे जायचा तो दुपारी साडेचारला उगवायचा. भिंगरी पहिलीत गेली तर चारपर्यंत शाळेत राहणार. नाही गेली तर बालवर्ग बाराला सुटणार, आणि मग दुपारी तिला बघायला तोफ. तोफेची शाळा सकाळचीच होती, त्यामुळे गेली दोन वर्षं तेच चाललं होतं. "भिंगरीचं पहिलीचं जमलं तर तू जा," आई म्हणाली होती, "नाहीतर एक वर्ष थांब, बाळा." म्हणजे तोफेचं होस्टेल कुणाच्या हातात? तर दुधाचे दात पडत असलेल्या या बाईसाहेबांच्या.

"बस हं," चाचणीवाल्या बाई भिंगरीला म्हणाल्या. "मी दोन-दोन चित्रं दाखवते. तू फक्त बोट ठेवायचं. यातली लांब दोरी कुठली?"

भिंगरीनं आखूड दोरीवर बोट ठेवलं.

तोफ स्टुलावर सरळ झाली. काय? घरी बिस्कीट मोडलं की कुठला तुकडा कणभर मोठा आहे हे लांबून ओळखून त्यावर झडप घालणारी पोरगी ही!

"कुठल्या पेल्यात जास्त पाणी आहे?" बोट रिकाम्या पेल्यावर. "कुठली टोपली जड असेल?" बोट पिसांच्या टोपलीवर. बाई एकेक कार्ड उलटत गेल्या, बारा कार्डं झाली, बाराही वेळा बोट चुकीच्या जागी. आणि दर वेळी भिंगरी हळूच मान वळवून ताईकडे बघायची. बाई तेही टिपत होत्या, खाली न बघता, भराभरा. तोफेनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी काही खूण केली असं वाटलं की काय यांना?

"आता एका पायावर उभी राहा बघू."

भिंगरीनं पाय उचलला आणि लगेच ठेवला. "येत नाही."

काल हीच बया स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत लंगडी घालत गेली होती, हातात दूध घेऊन.

बटणं लावायची पट्टी दिली, "येत नाही." शेवटी माणूस काढ म्हटलं, तर तिनं कागदावर एक आडवी रेघ मारली.

"हे काय?"

"माणूस. झोपलाय."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "बरं. संपलं आपलं काम. मला एवढं आवरू लागशील?"

संपलं म्हटल्याबरोबर भिंगरीच्या अंगात जणू कुणी किल्ली दिली. तिनं पसरलेले ठोकळे रंगाप्रमाणे लावले, मोठे खाली, लहान वर, डब्याचं झाकण फिरवून घट्ट बसवलं. मग दाराशी गेली. तिथं तिचे बूट होते. तोफेला पक्कं आठवत होतं, आत येताना तिनंच ते नीट ठेवले होते, पण आता डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे होता. मघाशी पाणी प्यायला उठल्या होत्या बाई, तेव्हाच! भिंगरीनं एक नजर टाकली, बूट बदलले, आणि बटणाहून दसपट अवघड असलेली ती चिमुकली बक्कलं दोन्ही पायांची लावून आईकडे पळाली.

"चोरी पकडायची असल्यासारखं करताय तुम्ही," तोफ म्हणाली.

"थोडंफार तसंच." बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. "तुझं उत्तर. इथं नापास असं काही नसतं. कुणाला अजून वेळ हवा असतो, कुणाला नको असतो, एवढंच बघते मी. तुझ्या मैत्रिणीच्या बहिणीला हवा होता. हो, ओळखलं मी, तो प्रश्न कुठून आला ते. पण हे बघ. दोनांतलं एक निवडायचं, बारा वेळा. ज्याला काहीच कळत नाही असं मूलसुद्धा नुसत्या अंदाजानं पाच-सहा बरोबर आणतं. हिचे बारापैकी बारा चूक."

तोफेला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं.

"म्हणजे तिला सगळं..."

"सगळं येतं. एकही चुकून बरोबर येऊ नये म्हणून फार जपलंय तिनं. दर वेळी डोळे आधी बरोबर चित्रावर जायचे, मग बोट दुसरीकडे." बाई खुर्चीतून उलगडल्या. "घरी तिला कुणी काही सांगितलंय का?"

"आमच्या घरी? कोण सांगणार?"

"मला माहीत नाही, म्हणून तर विचारते. गुरुवारी पुन्हा आणा तिला. तोवर तयारी करून घ्यायची नाही, रागवायचं नाही. पण तू डोळे उघडे ठेव. डोळे आहेत तुला, आणि तोंड तर आहेच."

व्हरांड्यात आई उभी होती. तिनं तोफेचा चेहरा पाहिला आणि भिंगरीच्या केसांवरून हात फिरवत चटकन म्हणाली, "नाही जमलं तर नाही जमलं. एक वर्ष थांबू. काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! किती पटकन! जणू वाक्य तोंडात तयारच होतं.

घरी जाईपर्यंत तोफेनं संशयितांची यादी केली. यादी छोटी होती. नंबर एक, बाबा. परवाच चहा पिताना म्हणाला होता, "माझ्या दोन्ही पोरी घरात असल्या की कसं भरल्यासारखं वाटतं." पण बाबाला कट करता येत नाही, वाढदिवसाची भेटवस्तू तो आदल्या दिवशीच सांगून टाकतो. नंबर दोन, आई. आणि आईच्या बाबतीत पुरावे होते. गेले पंधरा दिवस कपाटाचा खालचा कप्पा कुलूपबंद होता. किल्ली आईच्या पर्समध्ये. ड्युटीवरून आली की आई पलंगावर काहीतरी शिवत बसायची आणि तोफेची चाहूल लागली की चादर ओढायची. एकदा तर विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला कशाला पंचायती?" आईला तोफ घरात हवी होती, दुपारी भिंगरीला बघायला. हातात आयतं साधन होतं. कानात एक वाक्य सांगितलं की काम झालं: बाईंनी विचारलं तर चुकीचं सांग हं, सोन्या.

तोफेला रडूही येत होतं आणि आपण हे किती हुशारीनं शोधून काढलं याचा थोडा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दबा धरून बसली. भिंगरी बाराला बालवर्गातून आली, बिस्किटं खाल्ली आणि टेबलाखाली गेली. तोफेच्या अभ्यासाच्या टेबलावरून जुना पडदा खाली सोडलेला होता, त्यामागे भिंगरीचं 'घर'. तिथं विचारल्याशिवाय कुणी जायचं नाही असा तिचा कायदा होता. आई तीनला ड्युटीवरून आली, कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून स्वयंपाकघरात बसली. तोफ दारात उभी राहिली, हात कमरेवर.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"तुझा हा स्टेजवरचा आवाज आला की मला धडकी भरते. विचार."

"भिंगरीला मुद्दाम चुकायला तूच शिकवलंस ना?"

आईनं मान वर केली. टबातलं पाणी हललं.

"मी?"

"मग कोण? तिला सगळं येतं. बाई म्हणाल्या. आणि तू लगेच 'एक वर्ष थांबू' म्हणालीस. आणि कप्प्याला कुलूप. मी वेडी नाहीये, आई."

"नाहीस," आई म्हणाली. "अर्धवट आहेस." तिनं पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर टाकली. "जा. उघड. एवढं सगळं शोधून काढलंयस तर हेही बघ."

तोफेनं कुलूप उघडलं. वर दोन नव्या चादरी होत्या. त्याखाली उशीचे अभ्रे, टॉवेल, सहा जोड मोजे, एक निळा स्वेटर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल धाग्यानं, बारीक टाक्यांनी शिवलेला आकडा: ४७. सगळ्यांत खाली होस्टेलचं पत्रक होतं, 'धुलाईसाठी प्रत्येक कपड्यावर विद्यार्थिनीचा क्रमांक शिवलेला असावा'.

मागून आईच्या ओल्या पावलांचा आवाज आला.

"आयत्या वेळी दाखवणार होते," आई म्हणाली. "म्हटलं, एकदम सगळी ट्रंक समोर ठेवू, मग बघू तोफेच्या तोंडून शब्द फुटतो का. आणि काल व्हरांड्यात काय म्हणायला हवं होतं मी? पोर माझ्या कुशीत उभी. तिच्यासमोर तोंड पाडू?"

तोफेचा चेहरा असा तापला की त्यानं इस्त्री करता आली असती. 'सॉरी' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण हात मधल्या टॉवेलवर थांबला. त्याच्या कोपऱ्यात आकडा नव्हता. नुसती भोकं होती, चाराची आणि साताची.

"हा राहिला का?"

"राहिला कसला! तीन टॉवेल झाले असे. मी शिवते, दुपारी इस्त्री करून पलंगावर चादरीखाली ठेवते, रात्री कुलपात टाकायला बघते तर आकडा गायब. धागाच भिकार निघाला. आपोआप उसवतोय."

तोफेनं टॉवेल खिडकीशी नेला. संशय पुन्हा जागा झाला होता, पण या वेळी त्याचा आवाज अगदी हळू होता. धागा आपोआप उसवला तर टोकं लोंबतात. इथं एक तंतू शिल्लक नव्हता. कापड कुठं ओढलं गेलं नव्हतं, भोक कुठं फाटलं नव्हतं. एकेक टाका कुणीतरी जीभ बाहेर काढून, नखानं, श्वास रोखून उचलला होता.

"आई," ती म्हणाली, "आपल्या घरात इतकी बारीक बोटं कुणाची आहेत?"

पडद्याबाहेर बसून तिनं टेबलाच्या पायावर टकटक केलं.

"भिंगरी, येऊ का घरात?"

"बूट काढून ये."

आत दोघींना बसायला जागा नव्हती. तोफ गुडघे हनुवटीला लावून कशीबशी मावली. कोपऱ्यात एक तुटकी बाहुली, दोन शिंपले आणि गोळ्यांची एक चपटी रिकामी डबी, आईच्या दवाखान्यातली. तोफेनं डबीकडे बघितलं. भिंगरीनं तोफेकडे बघितलं, मग डबीवर हात ठेवला.

"दाखव ना. मी ओरडणार नाही."

"आईला सांगशील."

"सांगेन. पण ओरडणार नाही."

हा सौदा भिंगरीनं थोडा वेळ तोलून बघितला आणि झाकण उघडलं. आत लाल धाग्याचे तुकडे होते, ओळीनं लावलेले. सगळ्यांत आखूड डावीकडे, मग त्याहून जरासा लांब, मग त्याहून, थेट उजव्या कडेपर्यंत. एकही जागा चुकलेली नव्हती.

'यातली लांब दोरी कुठली?' तोफेला बाईंचा प्रश्न आठवला.

"बाईंना तू मुद्दाम चुकीचं दाखवलंस?"

मान हलली. वर, खाली.

"का गं?"

"तूच म्हणालीस."

"मी? मी कधी?"

"फोनवर. चष्मिसताईला." भिंगरीनं हात कमरेवर ठेवला आणि हुबेहूब तोफेचा स्टेजवरचा आवाज काढला. "'भिंगरीला शाळेत घेतलं ना, की मी सुटले! मी मोकळी! मी फुर्रर्र!'" मग तिचा स्वतःचा आवाज आला, अगदी लहान. "मला नाही घेतलं तर तू नाही सुटत. आणि आई शिवताना म्हणाली, आकडा नसला तर तुझे कपडे हरवतात. मग तुला घरीच यावं लागतं."

बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. पडद्याखाली तिची ओली पावलं दिसत होती, एकदम स्थिर.

तोफेला आपली संशयितांची यादी आठवली. सगळ्यांवर नजर ठेवली, बाईंवर, बाबावर, आईवर, आणि यादीत स्वतःचं नाव घालायचं राहूनच गेलं. हो, ती तसं म्हणाली होती. खिदळत म्हणाली होती. आणि पावणेसहा वर्षांच्या पोरीनं ते ऐकून एकटीनं, गुपचूप, बारा कार्डं आणि तीन टॉवेल निभावले होते.

'गुरुवारी नीट उत्तरं दे, मी जात नाही कुठं,' असं आता म्हणता आलं असतं. भिंगरी पास झाली असती. आणि मग एक दिवस दारात ट्रंक दिसली असती. उलट, 'जाऊ दे, थांबते मी एक वर्ष,' म्हटलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा हेच, आणि भिंगरीला कळलेलं असणार की चुकलं की ताई राहते.

"ताई, तू रडतेयस?"

"तुझ्या घरात धूळ फार आहे. झाडत जा."

साडेचारला बाबा आला, टोपी खुंटीला लावली आणि घरातली शांतता बघून म्हणाला, "कुणी काय फोडलं?"

"बस, बाबा," तोफ म्हणाली. "आई, तूही बस. मला बोलायचंय." तिनं भिंगरीला कडेवर घेतलं. तिचे पाय पार तोफेच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते, एवढी मोठी झाली होती ती. आईनं बाबाच्या कानात दोन वाक्यांत सगळं घातलं. बाबानं टॉवेलच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि तो मांडीवर ठेवला.

"मी होस्टेलला जाणार आहे," तोफ म्हणाली.

भिंगरी ताठ झाली. मग तिनं तोफेच्या दंडाला कडाडून चावा घेतला.

"आई गं! चाव, चाव, पण ऐक. हे तुझ्यासमोरच सांगायचं ठरवलंय मी." तोफेनं तिला खाली ठेवलं नाही. "गुरुवारी बाई हो म्हणोत, नाही म्हणोत, मी जाणार. भिंगरी सगळी बरोबर सांगो, सगळी चूक सांगो, मी जाणार. आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरी येणार, तेही काही झालं तरी. माझं जाणं-येणं तिच्या बोटावर नाहीये. तिला उगाच वाटतंय की आहे, आणि ते आपणच वाटू दिलंय."

"बरोबर आहे गं तुझं," बाबा हळूच म्हणाला. "पण बाईंनी नाही म्हटलं तर? दुपारी हिला कोण बघणार?"

कालपर्यंत या प्रश्नावर तोफ गप्प बसली असती किंवा दार आपटून गेली असती. आज तिनं आधी आईकडे बघितलं. आई नजर चुकवत नव्हती.

"ते तुम्ही दोघांनी ठरवायचं," ती म्हणाली. "आई, तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल जायच्या दिवसापर्यंत रोज भांडी मी घासेन. पण हे तुमचं काम आहे. मी ताई आहे तिची."

भिंगरी दंडावरच्या आपल्या दातांच्या खुणा बोटानं मोजत होती, आणि मोजता मोजता तिनं विचारलं, "शेवटचा शनिवार म्हणजे किती झोपा?"

"आपण कॅलेंडरवर मोजू. तुला येतं मोजायला, मला ठाऊक आहे." तोफेनं बाबाच्या मांडीवरचा टॉवेल उचलून भिंगरीच्या हातात दिला आणि पुन्हा आईबाबांकडे वळली. "आणि एक. हे तीन आकडे आता आई शिवणार नाहीये. ज्यांनी उसवले त्याच शिवणार. वाकडे आले तरी मी तेच टॉवेल नेणार."